संपतच्या चार मुलाखती

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो बदाम घोटण्याच्या आवाजानं. आई दगडी कुंडीत भिजवलेले बदाम लाकडी दांड्यानं घोटत बसायची, आणि त्या घरघरीत भिंतीपलीकडून जोर मारणाऱ्या पोरांचे श्वास मिसळायचे. घर आणि तालीम यांच्यामध्ये ती एकच भिंत होती. तिच्या अलीकडे आई, मी, म्हैस आणि चूल. पलीकडे माझे वडील आण्णा, माझा धाकटा भाऊ संपत आणि गावातली पंधरा-वीस पोरं. पलीकडच्या हौदातली तांबडी माती आण्णा लेकरासारखी सांभाळत. तिच्यात तेल, हळद, लिंबू आणि दर आठवड्याला घागरभर ताक पडायचं. ते ताक मी घुसळायचे. बाईच्या पायानं माती विटाळते अशी समजूत असल्यामुळे घागर दारात ठेवून परत फिरायचं. ज्या मातीसाठी मी चौदा वर्षं ताक घुसळलं, तिला माझा पाय एकदाही लागला नाही. याचं तेव्हा वाईट वाटायचं असं म्हटलं तर ते आताचं शहाणपण होईल. तेव्हा फक्त हात दुखायचे.

आण्णा गावचे वस्ताद. दिवसाला ते साधारण वीस वाक्यं बोलत, त्यातली पंधरा म्हशीशी. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. जुन्नर तालुक्यातलं, बाजाराला नारायणगावला जाणारं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर तिथले लोक हे प्रकरण न वाचताच रागावतील, आणि त्यांच्या रागाचा मला पुरेसा अनुभव आहे.

चैत्रात आमची जत्रा भरे. दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा आखाडा. त्या दिवशी घराघरात मासवडी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा व्हायचा. पुरुषमाणसं दोन भाकरी जास्त खाऊन आखाड्याला जायची आणि बायका मागे उरलेला रस्सा गरम करत हलगीच्या आवाजावरून कुस्तीचा अंदाज बांधायच्या. हलगी घाईला आली की कुणीतरी वर चढलं, थांबली की कुणीतरी पडलं. आई नुसत्या हलगीवरून सांगायची, "ही आपल्या तालमीच्या पोराची न्हाई." तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

आखाडा सुरू करण्याची एक रीत होती. गावच्या वस्तादानं मातीची पूजा करायची, नारळ कपाळाला लावायचा आणि वाढवायचा. मग पहिली जोड. आण्णांना त्यांच्या वस्तादाकडून हा मान आला होता. वर्षातून एकदा हातात येणारा तो नारळ हीच त्यांची सगळी मिळकत, असं मी म्हणेन. बाकी त्यांनी कधी काही मागितलं नाही.

हे प्रकरण सुरू झालं त्या वर्षी जत्रा कमिटीचे अध्यक्ष होते तात्यासाहेब. हे मुळातले तात्या. जीप घेतली त्या वर्षी त्यांना साहेब चिकटले आणि पुढे निघेनात. सत्काराची इतकी हौस, की दुसऱ्याचा सत्कार असला तरी शाल आधी स्वतःच्या खांद्यावर टाकून ती किती लांब येते ते पाहायचे. त्यांनी पुण्याहून कुणी बांधकामवाला पाहुणा आणला होता. आण्णा खाली बसले, पूजा केली, नारळ कपाळाला लावला आणि हात वर नेला, एवढ्यात भोंग्यावरून आवाज आला, "थांबा वस्ताद, थांबा जरा." तात्यासाहेब स्टेजवरून उतरले, आण्णांच्या वर गेलेल्या हातातून नारळ काढून घेतला आणि पाहुण्याच्या हातात दिला. वर भोंग्यावरून म्हणाले, "वस्ताद आपल्या घरचंच हायेत. त्यांचा मान कुठं पळून चाललाय?" लोक हसले. पाहुण्याला नारळ फोडायला तीन फटके लागले.

हे मला संपतनं सांगितलं. आखाड्याला जायची मला मुभा नव्हती, त्यामुळे माझ्या बापाचा अपमान मी कानांनी पाहिला. संपत सांगत होता, "आण्णांचा हात वरच व्हता आक्का. नारळ गेला तरी हात तसाच. मंग हळूहळू खाली आला."

मी विचारलं, "आन लोकं?"

"लोकांनी टाळ्या वाजीवल्या."

नारळ काढून घेणं हे एका माणसाचं काम होतं. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. त्या टाळ्यांत आण्णांकडे उधारीवर डाव शिकलेले होते, आमच्या ओट्यावर ताक पिऊन गेलेले होते. हा हिशेब माझ्या डोक्यात त्याच संध्याकाळी पक्का झाला आणि अजून पुसलेला नाही. आण्णा घरी आले, पाय धुतले, मासवडी खाल्ली, "मीठ कमी हाय" म्हणाले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी ते तालमीत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. हौदातल्या मातीला भेगा पडल्या. पोरं एकेक करून तात्यासाहेबांनी नव्यानं बांधलेल्या व्यायामशाळेत गेली, जिथं भिंतभर आरसे होते. त्यात आण्णांचा सगळ्यात लाडका पट्ठ्या भरतही गेला. तो तात्यासाहेबांचा पुतण्या. त्याला दुसरीकडे जाता येण्यासारखं नव्हतं, हे मला आज कळतं. संपत अवसरी खुर्दला मामाकडे राहायला गेला आणि तिथल्या तालमीत घुमू लागला. घरात बदाम घोटायचा आवाज बंद झाला. मला सकाळी जाग येईनाशी झाली.

त्याच सुमाराला गावात केबल आली. दिलीप नावाचा एक उद्योगी माणूस होता. त्यानं खताच्या दुकानाच्या माडीवर यंत्रं बसवली आणि घराघरांत वायर नेली. त्याचं स्वतःचं एक स्थानिक चॅनलही होतं. त्यावर सकाळी आरती, दिवसभर वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि कुणी गेलं की फोटोसह श्रद्धांजली. मी मराठी घेऊन जुन्नरला बी.ए. झाले होते, वाचनालयातली बरीच कपाटं संपवून बसले होते आणि नोकरी नव्हती. दिलीपच्या श्रद्धांजल्या मी लिहायचे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचा इतका सराव झाला होता, की जिवंत माणसाबद्दल वाईट लिहायला हात शिवशिवत होते.

केबलवर संध्याकाळी अमेरिकन कुस्ती लागायची. अंगाला तेल चोपडलेले धिप्पाड लोक एकमेकांना खुर्च्या मारत. आण्णांनी एकदा पाच मिनिटं पाहिली आणि म्हणाले, "पडायच्या आधीच हात टेकतंय बेणं." आणि उठून गेले. दिलीप मात्र भारावला होता. "आक्का, एक बघितलं का?" तो म्हणाला. "कुस्ती पाच मिंटं आन बोलनं पंचवीस मिंटं. लोकं बोलण्यापायी बघत्यात, राव."

त्याचं म्हणणं खरं होतं. मी नीट पाहू लागले. त्यात एक प्रकार मला फार आवडला. काल-परवापर्यंत सगळ्यांचा लाडका असलेला एखादा पैलवान एके दिवशी आपल्याच जोडीदाराच्या पाठीत खुर्ची घालायचा. पुढच्या आठवड्यात मुलाखतीत शांतपणे सांगायचा, की मी बिघडलो नाही, तुम्हीच नालायक आहात. लोक शिव्या घालत आणि पुढच्या कुस्तीला दुपटीनं जमत. नारायणगावच्या राहुट्यांत मी वग ऐकत वाढले होते. वगातला खलनायक कनातीतून आला की पुढच्या रांगा कशा फुत्कारतात ते मला ठाऊक होतं. पण वगातला दुष्ट जन्मापासून दुष्ट असतो. हा लोकांच्या डोळ्यांदेखत दुष्ट होत होता, आणि त्याचं कारण लोकांच्याच तोंडावर मारत होता. मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

होळीला संपत जत्रेपर्यंत राहायला घरी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "यंदा जत्रेत उतरायचं. पण आपल्या गावच्या नावानं नाही, अवसरीच्या. आणि तसं टीव्हीवर सांगायचं."

"आक्का, आपल्याच आखाड्यात परगावच्या नावानं? लोकं तोंडात शेण घालतील."

"घालू देत. जत्रेपर्यंत चव घे."

संपत सहा फूट उंच, मानेनं जाड आणि स्वभावानं इतका मऊ, की कोंबडी कापायची वेळ आली की गोठ्यात जाऊन बसायचा. त्याला मी वहीत उत्तरं लिहून दिली. तो जोर मारता मारता पाठ करायचा. वीस जोरांना दोन वाक्यं. पहिल्या दिवशी मी छापील मराठीत लिहिलं होतं. त्यानं म्हणून पाहिलं तर शाळेतलं भाषण वाटलं. मग मी सगळं आमच्या घरच्या बोलीत उतरवलं. त्या दिवशी कळलं, की राग प्रमाणभाषेत ठेवला की निम्मा सांडतो.

पहिली मुलाखत खताच्या दुकानाच्या माडीवर, निळ्या चादरीपुढे झाली. दिलीपनं विचारलं, "संपतभाऊ, यंदा जत्रेची तयारी कशी काय?" संपत कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "हे गाव समजतंय, संपत आमी घडीवला. गावानं मला कायबी न्हाई दिलं. मला माझ्या बापानं घडीवला. म्हनून यंदा मी ह्या गावाच्या नावानं न्हाई उतरनार. अवसरी खुर्दच्या नावानं उतरनार, आन ह्या गावचा जो कोन फुडं यील, त्याला ह्याच मातीत दाबनार." एवढं बोलून तो घामानं भिजला. दिलीपनं ते दिवसातून चार वेळा दाखवलं.

दुसरी मुलाखत भरतवर होती. "भरत आरशात बघून मेहनत करतोय. बेस हाय. आरशातला पैलवान कधी पायाला हात घालून पट काढत न्हाई." गावातली पोरं हे वाक्य दहा दिवस एकमेकांना ऐकवत होती. तिसरी मुलाखत मी सगळ्यात मन लावून लिहिली. ती गावावर होती. "माझ्या बापाच्या हातातला नारळ काढला, तवा तुमी टाळ्या वाजीवल्या. तात्यांचं मी समजू शकतो, त्यांना नारळ आन टकुरं ह्यातला फरक कळत न्हाई. तुमाला तर कळत व्हता. यंदा बी वाजवा. दात खाऊन वाजवाल."

संपतच्या तोंडून हे ऐकताना मला जो आनंद झाला, तो पुढे कुठल्याही पुस्तकानं दिलेला नाही. हे लिहायला लाज वाटायला हवी, वाटत नाही.

गाव पेटलं. न्हाव्यानं संपतला सांगितलं, कात्री धार लावायला गेलीय. त्याच वेळी ती दुसऱ्याच्या डोक्यावर चालू होती. गिरणीत आईचं दळण सगळ्यांच्या शेवटी लागू लागलं. एक बाई तिला म्हणाली, "लेकाला टीव्हीवर बघून पोट भरत आसंल, तुमाला पीठ कशाला लागतंय?" आई घरी येऊन मला म्हणाली, "तुजंच काम हाय ना हे?" मी हो म्हटलं. तिनं परात पुढे ओढली आणि बराच वेळ कणीक मळत राहिली. शेवटी म्हणाली, "त्ये नारळ-टकुऱ्याचं बरं व्हतं."

संपतला मात्र ते झेपत नव्हतं. तो म्हणाला, "आक्का, शाळेपासनंची पोरं मला बघून बाजू बदलत्यात. परवा एकानं पाठीवर शेण मारलं. माझ्याच वयाचं, माझ्या शेजारी बसायचं त्ये."

"जत्रेपर्यंत कळ काढ."

"काढतो. पन रोज झोपायच्या आदी मला वाटतं, हे बोलनारा कोन हाय?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मी दिलं नाही.

संपतच्या मुलाखती चालल्या म्हटल्यावर तात्यासाहेबांना करमेना. त्यांनी दिलीपला फर्मान सोडलं, की आमचीही मुलाखत घ्या, प्रश्न आधी पाठवा. दिलीपनं प्रश्न कुणाकडून लिहून घ्यायचे, हे सांगायला नको. मी सात प्रश्न लिहिले, सगळे पेढ्यासारखे. आपल्या कारकिर्दीत जत्रेनं जी उंची गाठली तिचं रहस्य काय, वगैरे. सहावा प्रश्न असा: गावच्या तालमीच्या जुन्या मातीबद्दल आपल्या काय भावना आहेत? कुठलाही शहाणा माणूस इथं डोळ्यांत पाणी आणील आणि पुढे जाईल. तात्यासाहेब खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाले, "माती म्हंजे काय, माती हाय. जेसीबी लावला तर दोन ट्रॉल्या नवी आनून टाकू. आपल्याला आता आधुनिक व्हायचंय. गादी आनायची, गादी. ताक-बिक ओतायचे दिवस गेले."

मी गळ टाकला होता हे खरं, पण मासा असा उडी मारून टोपलीत येईल असं वाटलं नव्हतं.

पंचक्रोशीत असा एक जुना माणूस नव्हता ज्यानं लहानपणी कुठल्या ना कुठल्या हौदात घागरभर ताक ओतलं नव्हतं. दोन दिवसांत आसपासच्या वस्तादांचे निरोप आले. ओझरच्या बाजूचे एक म्हातारे वस्ताद काठी टेकत स्वतः आले आणि भर चावडीपुढे म्हणाले, "जिथं तालमीच्या मातीला माती म्हनत्यात, तिथं आमची पोरं लंगोट लावनार न्हाईत." जोड्याच नसतील तर आखाडा कसला? आमच्या गावातही कुजबुज सुरू झाली. न्हाव्याला कात्री सापडली. गिरणीत आईचं दळण पुढे आलं. कुणी म्हणालं, "संपत बोलतोय वाकडं, पन खोटं काय बोलला?" तात्या, अरे तात्या, चुकलास की रे, असं लोक उघड म्हणू लागले. साहेब गळून पडले ते तेव्हाच.

जत्रेला आठ दिवस उरले असताना सकाळी तात्यासाहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले. आण्णा दावं वळत होते. संपत उंबऱ्यात. मी चहा घेऊन आले.

"वस्ताद, झालं गेलं सोडा," तात्यासाहेब म्हणाले. "यंदा नारळ तुमच्याच हातानं. मी सोता आनून देतो, समद्यांच्या म्होरं. तुमी बसल्याव भायेरची मंडळी बी यतील. पन माझी बी अब्रू ऱ्हायला पायजे. संपतनं जरा भरतला मान द्यावा. पाठ थोडी टेकवायची. कोनाला कळतंय? गाव खूश, तुमी खूश."

नुरा कुस्ती. आधी ठरवून पडायचं. आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा होता. मला वाटलं आण्णा दावं फेकून उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "उतरनार त्यो हाय. त्याला इचारा."

संपत म्हणाला, "आक्काला इचारा."

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. "हिला? हिचा काय संबंद?"

"बोलती तीच," संपत म्हणाला.

आण्णांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या क्षणी नीट पाहिलं. त्यांना तो नारळ हवा होता. हरून, ठरवून, कसाही. एक वर्ष ते त्या नारळाशिवाय राहिले होते आणि त्यांच्याकडे फार वर्षं नव्हती. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मी म्हटलं, "चहा गार होतोय, तात्या. कुस्ती निकाली होईल."

साहेब मुद्दाम गाळलं होतं. तात्या उठून गेले. त्यांनी गावोगाव फिरून वस्तादांचे पाय धरले, कॅमेऱ्यासमोर हौदातली माती कपाळाला लावली, आणि त्या वर्षीचा नारळ ओझरकडच्या म्हाताऱ्या वस्तादांनी वाढवायचं ठरलं. आखाडा वाचला. आण्णांना काही मिळालं नाही. हा माझा निर्णय होता, आणि मी तो चहाचा पेला पुढे करता करता घेतला होता.

जिंकल्यावर बोलायचं वाक्य मी महिनाभर आधीच लिहून ठेवलं होतं. जत्रेच्या सकाळी संपत मागच्या दारी आला. "आक्का, लोकं बोलायला लागलीत आता माझ्याशी. काल दोघं चहा पाजून गेलं. त्यो शेवटचा डायलॉग ऱ्हाऊ दे का?"

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "टाळ्या आठव."

तो दोरीवरचा लंगोट काढून घेऊन गेला.

तात्यांनी हौसेनं आखाडा केबलवर थेट दाखवायची व्यवस्था आधीच करून ठेवली होती. त्यामुळे गावातल्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आखाड्यातली कुस्ती पाहिली. आमच्या घरात पंचवीस बायका जमल्या. त्यांच्यामागे दाराशी पोत्यावर आण्णा बसले. आखाड्याला चला म्हणून म्हातारे वस्ताद स्वतः बोलवायला आले होते, आण्णा म्हणाले, "गुडघा धरलाय." गावचा वस्ताद गावची मानाची कुस्ती बायकांच्या मागं बसून पाहत होता. बायकांना कशाचं काही नव्हतं. "अगं बया, किती वंगाळ दिसतंय लंगोटात!" "भरतचं पोट बघ, आरसा फुटंल." "गप गं, सलामी झाली."

कुस्ती बराच वेळ चालली. भरत काही कच्चा नव्हता. दोघंही एकाच हाताखालचे, एकाचा डाव दुसऱ्याला ठाऊक. आण्णा पुटपुटत होते. "पट काडतोय... सोडला... मान धर, मान." ते दोघांनाही शिकवत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मग ते म्हणाले, "आता ढाक," आणि पडद्यावर संपतनं भरतची मान बगलेत धरून ढाक लावली. भरत हवेत फिरला आणि दोन्ही खांदे मातीला लागले.

हलगी थांबली. परगावच्या नावानं उतरलेला जिंकला होता, वाजवायची कुणासाठी? साधारण दहा श्वास हलगीवाले एकमेकांकडे बघत राहिले. आणि मग कुणीतरी हलगी उचलली. एकदम सगळ्या वाजू लागल्या. लोक कडं तोडून आत शिरले, तेच, शेण मारणारे, बाजू बदलणारे, आणि संपतला खांद्यावर घ्यायला हात पुढे येऊ लागले. आई रडू लागली.

मानाचा फेटा अध्यक्षानं बांधायचा. जिंकलेला पैलवान मान लववतो, मग अध्यक्ष बांधतो, अशी रीत. संपतला मी बजावलं होतं: मान लववायची नाही. तो ताठ उभा राहिला. तात्या जेमतेम त्याच्या छातीला लागत. त्यांनी हात वर केले, पोचले नाहीत. मग त्यांनी टाचा उचलल्या. फेटा एकदा घसरला, दोनदा घसरला. तात्या टाचा उचलून, शाल सावरत, माझ्या भावाच्या डोक्यापर्यंत पोचायची धडपड करत होते आणि पंचवीस बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. आखाडाही हसत होता. मी हसत नव्हते. मी एकेक क्षण मोजून आत ठेवत होते.

दिलीपनं माईक पुढे केला. "संपतभाऊ, गावाला दोन शब्द?"

लोक थांबले. हात तसेच पुढे होते. संपतनं त्या हातांकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि वहीतलं वाक्य म्हटलं. एक शब्दही न चुकवता.

"फेटा डोक्याव हाय. गाव पायाखाली."

हात मागे गेले. हलगी या वेळी हळूहळू थांबली, एकेक करून. खोलीतल्या बायकांचं हसणं तर आधीच थांबलं होतं. त्या उठल्या, चपला शोधू लागल्या आणि माझ्या आईशी न बोलता बाहेर पडल्या.

आण्णा पोत्यावरून उठले. मला म्हणाले, "ह्ये त्याचं बोलनं न्हाई." मी टीव्ही बंद केला. "कुस्ती त्यानं केली. पाडलंस तू. कोनाला, ते बघ." मग दारात जरा थांबले. "त्यो नारळ मी घेतला असता, पोरी." आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

संपत आखाड्यातून घरी आलाच नाही. कपडे घेऊन तो एकटा रस्त्याला लागला आणि मिळाल्या टेम्पोनं अवसरीला गेला. तिथंच राहिला, तिथंच लग्न केलं, पोरांना कुस्ती शिकवतो. आण्णा गेले तेव्हा तो आला. खांदा द्यायला पुढे झाला तर ओळीतला एकजण सरकून म्हणाला, "या पावणं." ज्या गावात तो जन्मला तिथं त्याला आजही पावणंच म्हणतात. तात्या त्यानंतर कधी अध्यक्ष झाले नाहीत. ते रस्त्यानं निघाले की पोरं मागून टाचा उचलून चालत, तात्या मरेपर्यंत चालली. मला पश्चात्ताप होतो का, असं माझी भाची विचारते. मी तिला विचारते, टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाला झाला का ते विचारून ये, मग सांगते.

दिलीपकडून ती कॅसेट मी मागून घेतली होती. पुढे भाच्यानं ती संगणकावर घालून दिली. वर्षातून एकदा, चैत्रात, दार लावून मी ती लावते. ढाक बसते, हलगी थांबते, हलगी वाजते, तात्या शाल सावरत पुढे येतात. टाचा उचलतात. फेटा घसरतो. पुन्हा टाचा उचलतात. तिथं मी थांबवते. पुढे कॅमेरा संपतच्या तोंडाजवळ जातो, आणि तेवढं मी त्या दिवसानंतर एकदाही पाहिलेलं नाही.